झाड कापायचं मशीन: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

निसर्ग (जून 2020) आणि तौक्ते (मे 2021) या दोन वादळांनंतर आमच्या कोकणात बऱ्याच बागायतदारांनी चेनसॉ घेतले, पण दुकानदार मशीन चालू करून दाखवतो आणि पैसे घेऊन मोकळा होतो, पुढचं तुमचं तुम्ही. त्यामुळे प्रश्न येतच राहतात, आज त्यातले काही.

फांदी कापताना मशीन एकदम तोंडाकडे उसळलं. मशीन खराब आहे का?

नाही हो, मशीन ठीक आहे, पात्याचं, म्हणजे ज्या लांब पट्टीभोवती चेन फिरते तिचं, टोक कुठेतरी टेकलं असणार. पात्याच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला लागला की चेन अडकते आणि सगळा जोर उलटा तुमच्याकडे येतो, तो इतका झटकन की हात आवरेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. म्हणून टोकाने कापायचं नाही, आणि ज्या फांदीमागे दुसरी फांदी लपलीय तिथे आधी नीट बघायचं. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या दांड्याखालून घट्ट वळवून घ्या, बरेच जण तो वरच ठेवतात आणि मग झटका आला की दांडा सरळ निसटतो. डोकं पात्याच्या सरळ रेषेत नको, थोडं बाजूला. आणि पुढचं प्लास्टिकचं गार्ड म्हणजे चेनचा ब्रेक आहे, शोभेला लावलेलं नाही, तुटलं असेल तर ते बदलेपर्यंत मशीनला हात लावू नका.

वाऱ्याने कलमाचं झाड मुळासकट पडलंय, खोड आडवं आहे. कुठून सुरुवात करू?

सगळ्यात जास्त घात होतात ते इथेच, कारण पडलेलं झाड निपचित दिसतं पण आतून ताणलेलं असतं. आधी वीज बघा, तार अडकली असेल तर महावितरणला 1912 वर फोन करा आणि ते येईपर्यंत लांब थांबा.

मग मुळांचा गड्डा बघा. खोड तोडून वजन गेलं की तो गड्डा धाडकन परत खड्ड्यात बसू शकतो, त्यामुळे खड्ड्यात किंवा गड्ड्यामागे कुणी म्हणजे कुणी नको, पोरं तर हमखास तिथेच खेळायला जातात.

आता खोड टेकलंय कुठे ते पाहा. दोन्ही टोकं टेकलेली आणि मधे पोकळी असेल तर वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली असते, तेव्हा आधी वरून साधारण एक तृतीयांश कापा आणि मग खालून वर या. एकच टोक टेकलं असेल आणि दुसरं अधांतरी लोंबत असेल तर बरोब्बर उलटं, आधी खालून थोडं आणि मग वरून. उलट्या क्रमाने केलंत तर एकतर पातं चिमटीत सापडतं नाहीतर खोड उभं फाटतं. कमानीसारखी बाजूला वाकलेली फांदी असेल तर कमानीच्या आतल्या बाजूला उभे राहा, सुटली की ती बाहेरच्या बाजूला जाते. आणि ज्या फांद्यांवर खोड टेकलंय त्या सगळ्यात शेवटी, आधी त्या काढल्यात तर खोड थेट पायावर.

पेट्रोलमध्ये ऑइल किती?

मशीनच्या पुस्तकात लिहिलंय तेवढंच. 50:1 असेल तर लिटरला 20 मिली, 25:1 असेल तर 40, आणि ऑइल टू-स्ट्रोकचंच. चेनचं ऑइल वेगळ्या टाकीत जातं, तिथे गाडीचं काळं जळकं ऑइल ओतू नका.

भुसा अगदी पिठासारखा पडतो, कापही तिरका जातो.

चेन बोथट झालीय. धारदार चेन चिप्स काढते, पीठ नाही. दाब देऊन कापायचा मोह होतो पण तसं केलं की मशीन तापतं, तुम्ही दमता आणि मग चूक होते. तिरकं जाण्याचं कारण म्हणजे एका बाजूचे दात आखूड झालेत. चेनला जी लागते त्याच मापाची गोल कानस घ्या, हातात ग्लोव्हज घाला, आतून बाहेर फक्त ढकलायची, मागे ओढताना उचलायची, आणि दोन्ही बाजूंच्या प्रत्येक दाताला सारखेच हात मारायचे. कोन बहुतेक चेनला 30 अंश असतो, बऱ्याच दातांवर वर रेघही आखलेली असते. मातीत एकदा टेकलं की धार गेलीच समजा, म्हणून ओंडक्याखाली आधी टेकू द्या.

शिडीवर चढून वरच्या फांद्या कापल्या तर चालेल?

नाही. खांद्याच्या वर मशीन न्यायचंच नाही, शिडीवर तर विषयच संपला. लांब दांड्याची करवत घ्या नाहीतर दोराने झाडावर चढून फांद्या कापणाऱ्या माणसाला बोलवा.

चॅप्स (चेनपासून पाय वाचवायला पँटवर बांधायचं जाड आवरण) महाग आहेत, जाड जीन्स चालेल का?

जीन्सने चेन अजिबात अडत नाही. चॅप्सच्या आत लांब लांब धाग्यांचे थर असतात, चेन लागली की ते धागे ओढले जाऊन चेन फिरवणाऱ्या चाकात गुंततात आणि चेन थांबते. विजेच्या मशीनला मात्र ती तशी थांबेलच असं नाही, कारण मोटरचा जोर सुरुवातीपासूनच पूर्ण असतो. एवढे पैसे नसतील तर मशीन एक साइज छोटं घ्या पण चॅप्स, गॉगल आणि कानाचे मफ घ्याच, आणि चप्पल घालून मशीन चालवणाऱ्याला मी तरी माझ्या बागेत कामाला घेत नाही.