घरात तीन फोन आणि वाजला एकच, असं का?

प्रश्न: नमस्कार ताई, परवा मध्यरात्री वादळाचा इशारा आला तेव्हा माझा फोन सायलेंटवर असूनही भोंग्यासारखा वाजला, मी दचकून उठलेच. पण शेजारच्या खोलीत सासूबाईंचा आणि मुलाचा फोन गप्प! आणि नणंद तीन-चार किलोमीटरवर राहते, तिच्याकडे थेंबही पडला नाही तरी तिला मेसेज आला. माझा फोन कुठे आहे हे यांना कळतं कसं, कोणी नजर ठेवतं का?

उत्तर: आधी नजरेचं सांगते, कारण याच भीतीने बरेच जण इशारे बंद करून टाकतात. असं भोंग्यासारखं वाजतं ते सेल ब्रॉडकास्ट, आणि त्यात तुमच्यावर कोणी नजर ठेवत नाही. धोक्याचा भाग नकाशावर रेषा मारून आखतात, तिथले मोबाइल टॉवर निवडले जातात आणि ते टॉवर रेडिओसारखे एकदम सगळ्यांसाठी बोलतात, रेंजमधल्या ज्या फोनला ऐकू येईल त्याने ऐकावं. तुमचा नंबर लागत नाही, इंटरनेट लागत नाही, कोणाला पोचला हे टॉवरला कळतही नाही. साधा एसएमएस एकेका नंबरला जातो, लाखो लोक असले की रांग लागते, ब्रॉडकास्टला ती भानगडच नाही, म्हणून नेटवर्क जाम असलं तरी तो सहसा पोचतो.

आता नणंदेचं. आखलेल्या रेषेपाशी टॉवरची रेंज काही थांबत नाही, ती पलीकडे सांडतेच. अमेरिकेत ही सेवा २०१२ साली सुरू झाली, तिथेही हीच तक्रार होती. मग २०१९ पासून नियम असा की मेसेजबरोबर रेषाही फोनला पाठवायची आणि फोनने स्वतःच स्वतःचं लोकेशन ताडून बघायचं की आपण आत आहोत का, रेषेबाहेर साधारण १६० मीटरपर्यंतच चालेल. पण फोन जुना असेल किंवा लोकेशन बंद असेल तर पुन्हा टॉवरच्या रेंजवरच सगळं.

गप्प राहिलेल्या फोनांची कारणं बहुतेक वेळा साधीच निघतात. एअरप्लेन मोड लावून नुसत्या वायफायवर असलेल्या फोनला टॉवरचं काही ऐकूच येत नाही (मुलाला विचारा, रात्री गेम खेळताना हेच करत असेल). सासूबाईंचा फोन जुना असेल, किंवा सेटिंगमध्ये इमर्जन्सी अलर्ट बंद असतील, आधी कधीतरी टेस्ट मेसेजने घाबरून कोणीतरी बंद केलेले असतात आणि नंतर कोणाच्या लक्षातही राहत नाही. आज सगळ्यांचे फोन घेऊन बसा, सेटिंगमधल्या सर्चमध्ये अलर्ट किंवा इमर्जन्सी टाइप करा, लगेच सापडेल.

प्रश्न: मग हवामानाच्या ॲपची गरज काय? आणि आईबाबा दुसऱ्या शहरात असतात, त्यांच्याकडचा इशारा मला मिळेल का?

उत्तर: ब्रॉडकास्टवर नाही मिळणार, कारण तो टॉवरजवळ जो आहे त्याचा. ॲपमध्ये मात्र जागा सेव्ह करता येते, आईबाबांचं शहर टाकून ठेवा म्हणजे तुम्हाला मेसेज येईल आणि तुम्ही त्यांना फोन कराल. ॲपचं सगळं गणित इंटरनेटवर आणि परवानगीवर चालतं. लोकेशन "फक्त ॲप वापरताना" असं ठेवलं असेल तर तुम्ही गावाला गेल्यावरही ते जुन्याच जागेचे इशारे देत बसू शकतं.

बॅटरी सेव्हरकडे पण लक्ष द्या, मी स्वतः फसलेय. एकदा दुपारी पावणेतीनला वादळ येऊन गेलं, गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे, दोन कुंड्या, सगळं उडालं, आणि चार वाजता मी फोन हातात घेतला तेव्हा ॲपचा इशारा टुणकन आला, त्यावर वेळ होती २:२०! बॅटरी वाचवायला फोनने ॲपला झोपवून ठेवलेलं. तेव्हापासून त्या एका ॲपला बॅटरीच्या बंधनातून सूट दिलीय.

अजून एक, वीज कोसळण्याचा धोका इशारा येण्याआधीही असू शकतो. चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, ३० किंवा कमी भरले तर वीज साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे, लगेच घरात या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नका, मग फोन वाजो न वाजो.