तो मेल पाठवू नका

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीचं मेकॅनिकलचं एमटेक संपत आलंय, ॲल्युमिनियम आणि कार्बन फायबर ॲडहेसिव्हने जोडण्यावर पीएचडीची ऑफर आलीय, हातात सॉफ्टवेअरची नोकरी पण आहे, आणि तुम्ही विचारताय की "डिंकात पाच वर्षं घालवून काय मिळणार, तिला कसं समजावू?" इथपर्यंत ठीक, बापाला काळजी वाटणारच. पण शेवटी सहज लिहून गेलात की तिच्या मेलचा पासवर्ड माझ्याकडे आहे, तिच्या नावाने गाइडना "घरच्या कारणाने जमणार नाही" असं कळवून टाकू का. ते वाचून माझ्या पोटात गोळाच आला.

स्पष्ट सांगते, असं अजिबात करू नका. गाइड उलट उत्तर देणार, तिला चार दिवसांत कळणार, आणि मग पीएचडी की नोकरी हा प्रश्नच बाजूला पडेल, बाबांनी माझ्या नावाने लिहिलं एवढंच तिच्या मनात राहील आणि ते वर्षानुवर्षं राहतं हो, मी अशी घरं बघितलीयत. अख्ख्या पत्रात तुमचं मत आहे, तिच्या मामांचं आहे, शेजारच्या मुलाचं पॅकेज आहे, पण तिला हा विषय का आवडला यावर एक ओळ नाही. विचारलंत का कधी? तिच्याबद्दल एकच वाक्य सापडलं, "रात्री उशिरा लॅबमधून येते आणि तुटलेल्या पट्ट्यांचे फोटो दाखवत बसते, माझं लक्ष नसतं." अहो, तिथेच तर लक्ष द्यायला हवं होतं!

त्या फोटोंत काय असतं सांगते. दोन पट्ट्या टोकाशी जेमतेम बोटभर एकमेकींवर चिकटवायच्या, ओव्हनमध्ये ॲडहेसिव्ह पक्कं होऊ द्यायचं आणि मशीनवर तुटेपर्यंत ओढायच्या. तुटल्यावर दोन्ही तुकड्यांवर ॲडहेसिव्हचा थर राहिला असेल तर ते मधूनच फाटलं, म्हणजे धातूला घट्ट धरून होतं. एका तुकड्यावर कोरा धातू दिसला तर घासणं, पुसणं, ॲसिडची ट्रीटमेंट यात कुठेतरी चुकलं. मशीनवर दोन्ही प्रकारचे जॉइंट जवळपास सारख्याच जोराने तुटले तरी कोरा धातू दिसणाऱ्यावर भरवसा नाही, दमट हवेत तो जॉइंट हळूहळू सुटतो. तुमची लेक रात्री तेच शोधत बसलेली असते.

आता "डिंक" या शब्दाबद्दल, कारण सगळा गैरसमज तिथेच आहे. तुम्हाला वाटतं खरं इंजिनिअरिंग म्हणजे वेल्डिंग आणि रिव्हेट, चिकटवणं म्हणजे कामचलाऊ. पण १९४१ मध्येच ब्रिटनमध्ये नॉर्मन डी ब्रुइन यांनी धातूला धातू चिकटवणारं रेडक्स आणलं आणि ते लढाऊ विमानांत गेलं. १९९६ मध्ये आलेल्या लोटस एलिस गाडीची ॲल्युमिनियमची चासी चिकटवूनच बनवलेली आहे. कार्बन फायबरला भोक पाडलं की भार पेलणारे धागेच कापले जातात, आणि ॲल्युमिनियमला ते नेहमीसारखं वेल्ड करता येत नाही, मग उरतं काय? बरं, चिकटवणंही सोपं नाही. एक मीटर ॲल्युमिनियम १०० अंशांनी तापलं की साधारण २.३ मिलिमीटर वाढतं, कार्बन फायबर धाग्यांच्या दिशेने जवळजवळ जागचं हलत नाही, आणि ही सगळी ओढाताण मधल्या पातळ थराने सोसायची. १९८८ मध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं पुढचं छत हवेत उडालं, एक हवाई सेविका गेली. तिथे पत्र्यांच्या जोडावरचं चिकटवणं सुटलं होतं, भार रिव्हेटवर आला आणि भोकांपासून तडे गेले. आणि अजूनही एक प्रश्न पुरता सुटलेला नाही, अल्ट्रासाउंडने आतली पोकळी दिसते पण नुसतं टेकलेलं आणि नीट धरलेलं यातला फरक जॉइंट न तोडता खात्रीने सांगता येत नाही, म्हणून तर विमानात महत्त्वाच्या जागी चिकटवूनही वर रिव्हेट मारतात. कोणीतरी यावर पाच वर्षं घालवायलाच हवीत.

पण म्हणून पीएचडी करच, असंही मी तिला सांगणार नाही. काम चिकाटीचं आहे, सॅम्पल ओलाव्यात ठेवून महिनोन्‌महिने वाट बघायची, तीच पट्टी शंभरदा घासायची. विमान, गाड्या, पवनचक्कीची पाती, ॲडहेसिव्ह बनवणाऱ्या कंपन्या इथे पुढे कामं असतात, पण सॉफ्टवेअरइतक्या जागा नाहीत आणि सुरुवातीचा पगार बहुतेक कमीच असेल. एंट्रन्स, इंटरव्ह्यूचं तिला आपल्यापेक्षा जास्त माहिती असणार. तिने चौकशी करायची ती गाइडची, आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली, मशीन लॅबचं स्वतःचं आहे की दुसरीकडे नंबर लावायचा, स्टायपेंड किती वर्षं मिळणार. विषय कितीही चांगला असला तरी गाइड चुकला की मुलं खचतात.

आज रात्री ती आली की फोटो नीट बघा, एखाद्या पट्टीकडे बोट दाखवून विचारा, ही कुठून तुटली? आणि तिला पासवर्ड बदलून घ्यायला सांगा. पुढचं पत्र तिला लिहू दे, तिला नोकरीच हवी असेल तर तेही तिनेच लिहू दे, मी तिच्याशी त्यावर बोलेन.