सॅक्सोफोन थांबतच नाही, ऐकायचं कसं?

प्रश्न: पुतण्याने अमेरिकन संगीतकार जॉन अ‍ॅडम्सचा 'सिटी नॉयर' अल्बम पाठवला, म्हणाला काकू तुला सॅक्सोफोन आवडतो ना, ऐक. मला आवडतो तो आपल्या हिंदी गाण्यांतल्या मनोहारी सिंगांचा, दोन कडव्यांच्या मधे येऊन काळजात घुसणारा. इथे नुसती पळापळ, गुणगुणायला एक ओळ सापडेना. माझं काही चुकतंय का? आणि तो माणूस हे सगळं मनानेच वाजवतो का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, चुकत काही नाही हो, पहिल्यांदा ऐकताना मीपण दहा मिनिटांत दमले आणि भाजी परतायला उठले. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की निवेदक, चमचमता शर्ट आणि वन्समोअर, इथला म्हणजे सेंट लुईस सिम्फनी, अमेरिकेतला जुना वाद्यवृंद, कंडक्टर डेव्हिड रॉबर्टसन. अल्बम २०१४चा, त्यात रचना दोनच. 'सिटी नॉयर' २००९ची, जुन्या लॉस एंजेलिसच्या मूडवरची, त्यात सॅक्सोफोन बाकीच्यांमधे बसून अधूनमधून डोकं वर काढतो. ते वाजवणाऱ्या टिमथी मॅकॅलिस्टरवर अ‍ॅडम्स इतका खूश झाला की २०१३मधे त्याच्यासाठी अख्खा कॉन्चेर्टोच लिहिला, म्हणजे एक वाद्य पुढे आणि बाकी वाद्यवृंद साथीला अशी रचना. अल्बममधली दुसरी रचना तीच, आणि तुमची दमछाक झाली ती बहुतेक तिथेच, कारण त्यात सॅक्सोफोन फारसा थांबतच नाही.

अ‍ॅडम्सचे वडील १९३०च्या दशकात स्विंग, म्हणजे नाचायच्या जॅझच्या, बँडमधे आल्टो सॅक्सोफोन वाजवायचे, घरात जॅझच्या रेकॉर्डींचा ढीग, त्यामुळे ऐकताना वाटतं की गडी मनाला येईल तसं वाजवतोय. पण नाही, कॉन्चेर्टोतला सूर न् सूर कागदावर लिहिलेला आहे! मला तर यातच खरी गंमत वाटते, लिहिलेलं वाचून वाजवायचं आणि आत्ताच सुचलंय असं वाटायला लावायचं, हे येरागबाळ्याचं काम नाही.

आता एक करा, सुरुवातीपासून ऐकूच नका. कॉन्चेर्टोचे दोन भाग आहेत, त्यातल्या पहिल्या, लांबलचक भागात पुढे गेल्यावर सगळं शांत होतं, थेट तिथे जा. हेडफोन मात्र लावा, मोबाईलच्या स्पीकरवर सगळा चिवडा होतो. तिथे व्हायोलिनं मागे सरतात आणि सॅक्सोफोन सावकाश, लांब सूर धरतो, तुमच्या मनोहारीदांच्या सगळ्यात जवळचं असं या अल्बममधे काही असेल तर ते हेच. ते दोन-तीनदा ऐकून झालं की मग दुसरा भाग लावा, छोटा आहे, सुसाट आहे आणि ताल असा पक्का की पाय आपोआप हलतो. गुणगुणायला ओळ तिथेही मिळणार नाही हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर परत पत्र पाठवाल.