व्हेनिस खाडीत, खाजणात की खारकच्छात?

व्हेनिसवरच्या एका लेखाचं मुद्रितशोधन करणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. लेखकाने ‘लगून’ला एका पानावर खाडी म्हटलंय, दुसऱ्यावर सरोवर आणि तिसऱ्यावर खारकच्छ. एकच शब्द ठेवायचा तर कुठला? आणि आपला कोकणातला ‘खाजण’ चालेल का?

ताई, खाडी आधी काटा. खाडी म्हटली की नदी आलीच. दाभोळची घ्या, राजापूरची घ्या: वरून गोडं पाणी उतरतं आणि खालून भरती चढते. लगूनमध्ये खरं काम करतो तो किनाऱ्यासमोर आडवा पडलेला वाळूचा दांडा. त्याच्या आड समुद्राचं पाणी अडतं आणि उथळ पसरतं. व्हेनिसचं लगून सुमारे ५५० चौरस किलोमीटरचं आहे. लिदो, मालामोक्को आणि किओज्जा या तीन तोंडांतून भरती-ओहोटी आत-बाहेर करते.

आता गंमत बघा. या लगूनमध्ये ब्रेंता, सिले, प्यावे अशा नद्या येत होत्या. त्यांच्या गाळाने पाणी बुजलं तर शहर जमिनीला चिकटणार, आणि व्हेनिसची तटबंदी म्हणजे तर पाणीच. म्हणून त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कालवे खणून नद्यांची तोंडं बाहेर वळवली. १५०१मध्ये पाण्याच्या कारभारासाठी स्वतंत्र अधिकारीच नेमले. म्हणजे ज्या नदीमुळे खाडीला खाडी म्हणायचं, तिलाच या लोकांनी घराबाहेर काढलं! (त्याची किंमत आज मोजावी लागतेय. गाळ येईनासा झाल्याने लगूनचा तळ झिजतोय.)

‘सरोवर’ चूक म्हणता येणार नाही, चिल्काला आपण सरोवरच म्हणतो. पण वाचकाच्या डोळ्यांपुढच्या सरोवराला ओहोटी लागत नाही, आणि व्हेनिसची सगळी गोष्ट ओहोटीची आहे. ‘खारकच्छ’ विश्वकोशातला आहे, घडणही चोख: खारं पाणी आणि कच्छ म्हणजे पाणथळ काठ. फक्त तो कुणाच्या तोंडी नाही. पहिल्या उल्लेखात एकदा ‘खारकच्छ, म्हणजे लगून’ असं लिहा आणि पुढे खुशाल लगून चालू द्या. मूळ इटालियन ‘लागूना’ लॅटिनच्या ‘लाकूना’वरून आलाय, म्हणजे खळगा, डबकं. पोथीत अक्षरं गळून रिकामी राहिलेल्या जागेलाही हाच लॅटिन शब्द लावतात. मुद्रितशोधकाला हे आवडावं.

राहिला खाजण. शाळेच्या भूगोलात तो लगूनसाठी वापरलेला दिसतो, पण माझं मत जरा वेगळं आहे. कोकणात खाजण म्हणजे भरतीला बुडणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी खारवट, चिखलाची जमीन. गोव्यात तीच बांध घालून शेतीखाली आणली तरी नाव खाजनच राहतं. म्हणजे तो पाण्यापेक्षा जमिनीचा शब्द आहे. आणि व्हेनिसमध्ये अशा जमिनीला वेगळा शब्द आहेच, ‘बारेना’. तेव्हा लगूनला खाजण म्हणू नका, बारेनाला म्हणा. वाक्य असं बसेल: व्हेनिस लगूनमध्ये आहे, पण उभं राहिलं खाजणातल्या उंचवट्यांवर.

लेखात ‘तरंगतं शहर’ही असणारच. तेही काटा, तिथे काहीही तरंगत नाही. ‘पाया खणला’ असेल तर तेही बदला, कारण चिखलात खणणार काय? व्हेनिसमध्ये पाया ठोकतात. ओक, लार्च, एल्डर अशा झाडांचे सोट (सोटमुळातला तोच सोट) टोकं तासून, एकमेकांना खेटून चिखलात ठोकायचे. खाली ‘कारांतो’ नावाचा घट्ट चिकणमातीचा थर लागला तर उत्तम, नाही तर दाटीने ठोकल्यामुळे चिखलच आवळला जातो. जड ठोकळा दोरांनी वर ओढून खाली सोडायचा आणि सगळ्यांचा हात एकदम पडावा म्हणून गाणं म्हणायचं. सोटांच्या डोक्यांवर फळ्या, फळ्यांवर इस्त्रियाचा (एड्रियाटिक समुद्रापलीकडच्या द्वीपकल्पाचा) पांढरा दगड आणि त्याच्या वर विटा. हा दगड पाणी पीत नाही. वीट पिते, म्हणून ती दगडाच्या वर. रिआल्तोचा दगडी पूल १५८८ ते १५९१मध्ये झाला, त्याच्याखाली असे सुमारे १२,००० सोट आहेत.

‘लाकडाचा दगड झाला’ असं लेखात असेल तर खोडा. चिखलात प्राणवायू पोचत नाही, म्हणून बुरशीला आणि किड्यांना तिथे थारा नाही. काही जिवाणू लाकूड खातात, पण अतिशय सावकाश, आणि पोकळ्या पाण्याने भरतात म्हणून आकार टिकतो. सोटाऐवजी ‘खुंट’ लिहिलात तरी चालेल. डोलजाळं बांधायला आपले कोळी समुद्राच्या तळात ठोकतात तो खुंटच. ‘स्तंभ’ मात्र नको, तो देवळातला वाटतो.

जाता जाता: कालव्याच्या कडेच्या रस्त्याला व्हेनिसमध्ये ‘फोंदामेंता’ म्हणतात, म्हणजे शब्दशः पाया. लेखकाने त्याचं भाषांतर ‘पाया’ असं करून ठेवलं असेल तर ‘धक्का’ करा, नाही तर माणसं पायावरून फिरायला निघतील.

शेवटच्या परिच्छेदात ३ ऑक्टोबर २०२०ला पहिल्यांदा भरती अडवणाऱ्या दरवाजांचा उल्लेख असेलच. तिन्ही तोंडांवर मिळून ७८ आहेत. एरवी तळाशी पडून राहतात, आत हवा भरली की वर उठतात. त्यांना ‘जलरोधक यंत्रणा’ वगैरे म्हणू नका. खारबंदिस्तीत, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधात, भरतीला मिटणाऱ्या आणि ओहोटीला उघडणाऱ्या झडपेला रायगडात ‘उघाडी’ म्हणतात, गोव्यात ‘मानस’. ‘समुद्राच्या तोंडावरच्या ७८ उघाड्या’ असं लिहा, पेण-अलिबागच्या वाचकाला तळटीप लागणार नाही.