ब्रिटनमध्ये समुपदेशन शिकायचंय? आधी प्लेसमेंट विचारा

मानसशास्त्रात एमए झालंय, समुपदेशक व्हायला ब्रिटनला यायचंय. मग एमएस्सी करू, डिप्लोमा करू की डॉक्टरेट, आणि सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धत) शिकू की व्यक्तिकेंद्री पद्धत, असं तुम्ही विचारलंय. मी इथे येताना हा प्रश्न कुणालाच विचारला नव्हता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी नावात 'समुपदेशन' असलेली एक वर्षाची एमएस्सी घेतली. सगळे विषय, प्रबंध, उत्तम गुण, आणि शेवटी कळलं की त्यात प्लेसमेंटच नव्हतं. म्हणजे देखरेखीखाली खऱ्या माणसांसमोर बसण्याचा एकही तास नाही. त्या पदवीवर समुपदेशक म्हणून कुठेच नोंदणी होईना. व्हिसा बदलल्यावर सगळं पहिल्यापासून केलं. त्यात गेलेली वर्षं आजही खुपतात.

इथे 'काउन्सेलर' किंवा 'सायकोथेरपिस्ट' या नावांना कायद्याचं संरक्षण नाही. उद्या कुणीही पाटी लावू शकतं. म्हणूनच नोकरी देणारे आधी विचारतात, कुठल्या संस्थेचे सभासद आहात? सर्वात मोठी संस्था बीएसीपी, म्हणजे समुपदेशक आणि सायकोथेरपिस्टांची ब्रिटिश संघटना. तिच्या नोंदणीसाठी प्रशिक्षण किमान एक वर्ष पूर्णवेळ किंवा दोन वर्षं अर्धवेळ हवं आणि त्यातच किमान १०० तासांचं देखरेखीखालचं प्लेसमेंट हवं. अधिस्वीकृती (अक्रेडिटेशन) ही पुढची पायरी. तिला ४५० तास लागतात. 'काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट' हे नाव मात्र संरक्षित आहे. त्यासाठी एचसीपीसी या आरोग्य-व्यावसायिकांच्या नियामक संस्थेची नोंदणी लागते आणि तिथवरचा रस्ता साधारणपणे तीन वर्षांच्या डॉक्टरेटमधून जातो. त्याआधी तुमची पदवी ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीकडून तपासून घ्यावी लागते. संशोधनाची खरी ओढ असेल तरच त्या वाटेला जा.

डिप्लोमा मला मनापासून आवडतो, पण परदेशातून येणाऱ्याची तिथेच अडचण होते. कॉलेजांमधले बहुतेक डिप्लोमा अर्धवेळ असतात, आठवड्यातून एखादा दिवस किंवा संध्याकाळ. विद्यार्थी व्हिसावर पदव्युत्तर पातळीखालचं अर्धवेळ शिक्षण चालत नाही. पदव्युत्तर अर्धवेळ चालतं, पण मग नोकरी करता येत नाही. म्हणून तुमच्यासाठी पूर्णवेळ, प्लेसमेंटसह असलेला पदव्युत्तर अभ्यासक्रम हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. प्लेसमेंट बहुधा बिनपगारी असतं. ते अभ्यासक्रमाचा मूल्यमापन होणारा भाग असेल तर आठवड्याच्या २० तासांच्या काममर्यादेत धरलं जात नाही. बरेच अभ्यासक्रम स्वतःही थेरपी घ्यायला लावतात, स्वतःच्या खर्चाने. तो खर्च आत्ताच हिशेबात धरा.

आता पद्धतीबद्दल. नोकऱ्या पाहून सीबीटीकडे कल होणं साहजिक आहे. एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या, बोलण्यातून उपचार करणाऱ्या टॉकिंग थेरपीज विभागात तिचा मोठा वाटा आहे. पण तिथल्या वरच्या पातळीच्या सीबीटी प्रशिक्षणासाठी आधीची एखादी मूळ व्यावसायिक पात्रता (उदा. नर्सिंग किंवा समाजकार्य) किंवा तिच्या तोडीचे पुरावे मागतात, आणि त्या प्रशिक्षणार्थी जागा म्हणजे पगारी नोकऱ्या असतात, तेव्हा कामाचा हक्क हवाच. पहिली पायरी म्हणून अशी जागा सहजी मिळणारी नाही.

मी व्यक्तिकेंद्री पद्धत निवडली. तिचे जनक, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली मांडलेल्या अटींमध्ये समजून घेणं, बिनशर्त स्वीकार, खरेपणा हे सगळं आहे. सल्ला कुठेच नाही. आपल्या शब्दातच 'उपदेश' बसलेला आहे, आणि पहिल्या वर्षी नेमका तोच सोडायचा असतो! आम्ही तिघातिघांत सराव करायचो: एक समुपदेशक, एक बोलणारा, एक निरीक्षक. पहिल्याच वेळी निरीक्षकाने सांगितलं, 'ती रडायला लागली आणि तू उपाय सुचवलास.' मला वाटत होतं मी मदत करतेय. मला तरी त्या एका वाक्याने जे शिकवलं, ते कुठल्या पुस्तकातून आलं नसतं.

तुम्हाला आराखडा, गृहपाठ, मोजता येणारी प्रगती हवी असेल तर सीबीटीत रमाल. बालपणाचे धागे उलगडायची ओढ असेल तर सायकोडायनॅमिक बघा. पण निवडण्याआधी एखाद्या समुपदेशकासमोर स्वतः चार-सहा वेळा बसून बघा. आपल्याला काय लागू पडतं ते तिथे उमजतं.

इंग्रजीची काळजी सोडा. उच्चारांपेक्षा, समोरचा गप्प झाला की आपण किती वेळ थांबू शकतो, हे जास्त महत्त्वाचं.

अनामत भरण्याआधी अभ्यासक्रमप्रमुखांना लिहून विचारा: प्लेसमेंटचे तास किती, ते शोधून कोण देतं, परदेशी विद्यार्थ्यांना ते मिळालंय का, आणि या पदवीवर बीएसीपीच्या नोंदणीला अर्ज करता येतो का. लेखी उत्तर आलं नाही तर पैसे भरू नका.