नवा टीव्ही आणि साउंडबार जोडताना
दुकानातल्या टीव्हीवर दिसणारा झगमगाट बहुधा ‘व्हिव्हिड’ म्हणजे भडक रंगांच्या मोडचा असतो. घरी ‘सिनेमा’ मोड लावावा, सुरुवातीला चित्र पिवळसर वाटले तरी डोळे लवकरच रुळतात.

साउंडबारची एचडीएमआय केबल टीव्हीच्या ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेल्या पोर्टमध्येच लावावी, कारण टीव्हीचा आवाज त्याच पोर्टमधून उलट दिशेने बाहेर येतो. नवखे हमखास शेजारचे पोर्ट निवडतात आणि साउंडबार बिघडला म्हणून दुकान गाठतात. नंतर टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी (जोडलेली उपकरणे एकाच रिमोटने चालवण्याची सोय) सुरू करून आवाज ‘पीसीएम’ (टीव्हीने उलगडलेला आवाज) ऐवजी ‘बिटस्ट्रीम’वर (न उलगडता साउंडबारकडे जाणारा आवाज) ठेवावा, अन्यथा 5.1 म्हणजे सहा चॅनेलचा आवाज बहुधा दोनच चॅनेलवर उतरतो.

सोन्याचा मुलामा दिलेल्या केबलचा मोह टाळावा. डिजिटल संकेत पूर्ण पोहोचत असेल, तर महाग केबलने चित्र सुधारत नाही. नेहमीच्या 4के चित्रासाठी (60 हर्ट्झपर्यंत) 18 जीबीपीएस (सेकंदाला 18 गिगाबिट) वेगाची प्रमाणित केबल पुरते.