काउंटर-स्ट्राइक सुटलं, शेती लागली

प्रश्न : मी छत्तीस वर्षांचा, ऐरोलीत आयटी कंपनीत नोकरीला. कॉलेजात असताना कोपरखैरण्याच्या एका कॅफेत आम्ही सहा-सात जण सीएस १.६, म्हणजे दोन टोळ्यांच्या गोळीबाराचा काउंटर-स्ट्राइक, खेळायचो. मी हेडशॉट मारणाऱ्यांतला कधीच नव्हतो, पण कोण बोगद्यातून जाणार, कोण लांबच्या वाटेवर, लाँगला, थांबणार हे मीच सांगायचो आणि बरेचदा आम्ही जिंकायचो. तो ग्रुप अजून आहे. शनिवारी रात्री सगळे काउंटर-स्ट्राइक २ लावतात. मला अर्ध्या तासात कंटाळा येतो, शिवाय अठरा-वीसची पोरं दिसायच्या आत मारून मोकळी होतात. इकडे गेले काही महिने मी स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम खेळतोय, ऑफिसच्या वहीत शेताचे आराखडे काढतोय. मित्र म्हणतात, म्हातारा झालास. सगळे वाखाणतात म्हणून विचर ३ हा राक्षसांच्या शिकाऱ्याचा लांबलचक कथेचा गेम घेतला, तो अर्धवट पडलाय. माझ्यातला गेमर संपला का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : अजिबात नाही. ‘कोण बोगद्यातून जाणार हे मीच सांगायचो,’ असं तुम्ही लिहिलंय, त्यातच सगळं आलं. काउंटर-स्ट्राइकमध्ये तुमचा जीव मांडणीत होता. कोण कुठे उभा राहील, किती वेळात पोचेल, मागून कोण येईल. आता स्टारड्यूत काय करता? क्वालिटी स्प्रिंकलर, म्हणजे पाणी शिंपडणारा नळ, शेतातल्या भोवतालच्या आठ चौकोनी घरांना पाणी देतो, तर तो कुठे रोवला की एकही घर कोरडं राहणार नाही, हे वहीत काढता. काउंटर-स्ट्राइकच्या डस्ट टू या नकाशावर माणसं लावायचात, आता नळ लावता. डोकं तेच चालतंय.

हे मी नुसतं तुमचं समाधान व्हावं म्हणून लिहीत नाही. ठाण्याच्या नौपाड्यात आमचं गेमिंग कॅफे होतं आणि काउंटरवर मी बसायचे. ‘ताई, अजून अर्धा तास वाढवा’ म्हणणारी कित्येक मुलं आता चाळिशीकडे आली आहेत. त्यातली बरीच गोखले रोडवर, तलावपाळीला भेटतात, काय खेळतात ते सांगतात. मी एक गोष्ट पक्की पाहिली आहे : कोणता गेम खेळायचा यापेक्षा त्या गेममध्ये मुलगा काय करत बसायचा, यावरून त्याची पुढची आवड जास्त कळते.

एक मुलगा व्हाइस सिटी हा शहरात गुन्हेगारी करत फिरायचा गेम लावायचा आणि एकही मिशन करायचा नाही. मोटरसायकल घेऊन समुद्राकाठच्या रस्त्यावर रेडिओ ऐकत फिरायचा. शेजारचे ओरडायचे, पैसे फुकट घालवतोस. आज तो युरो ट्रक सिम्युलेटर २ खेळतो, रात्री मुलं झोपल्यावर युरोपभर माल पोचवत असतो. दुसरा एज ऑफ एम्पायर्स २ या राज्य उभारून लढायच्या गेममध्ये गावाला भिंत घालून आत नुसती शेतं करायचा. १९९९ च्या मूळ गेममध्ये शेत संपलं की ते पुन्हा हाताने पेरावं लागे. २००० साली द कॉन्करर्स हा त्याचा वाढीव भाग आला, त्यात गिरणीवर पेरण्यांची रांग आधीच लावून ठेवता येऊ लागली. हा शोध लागला त्या दिवशी त्या मुलाने अख्ख्या कॅफेला बोलावून दाखवलं होतं! कोणी भिंत फोडून आत आलं की त्याला लढाई हरल्यापेक्षा शेतं मोडल्याचं वाईट वाटायचं. तो आता सिटीज : स्कायलाइन्समध्ये शहरं बसवतो, आणि भेटला की घोडबंदर रोडच्या चौकांचं काय करता येईल यावर मनापासून बोलतो.

आणखी एक गोष्ट तुमच्या पिढीने लक्षात घ्यायला हवी, कारण तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. तुम्ही तेव्हा जे खेळत होतात ती सगळी तुमची निवड नव्हती. तासाला वीस रुपये मोजणारा मुलगा साठ तासांचा रोल-प्लेइंग गेम, म्हणजे कथेतलं पात्र होऊन खेळायचा गेम, कसा खेळणार? आम्ही मशीन बंद करून चालू केलं की त्यातलं सगळं पुसून पूर्ववत व्हायचं, व्हायरसच्या भीतीने तशी सोयच करून ठेवलेली. सेव्ह राहणार नसेल तर कथेचा गेम सुरू करण्यात काही अर्थच नव्हता. त्यामुळे दहा मिनिटांत रंगणारं आणि तासाभरात संपणारं तेवढंच चालायचं : काउंटर-स्ट्राइक, नीड फॉर स्पीड, फार तर एज ऑफ एम्पायर्सची एक लढाई. त्याआधी घरी टीव्हीला लावायचा आठ बिटचा गेम असायचा, त्यावर काँट्रा आणि मारिओ. तिथेही सेव्ह नव्हतं, वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. निवांत गेम तुम्हाला तेव्हा आवडले नसते असं नाही, ते तुमच्यासमोर आलेच नाहीत. आता स्वतःचा संगणक आहे, स्वतःचा पगार आहे, आणि आवड काय आहे ते पहिल्यांदा मोकळेपणाने कळतंय. याला म्हातारपण म्हणू नका.

हात मंदावतो हे मात्र खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी स्टारक्राफ्ट २ हा सैन्य लढवायचा गेम खेळणाऱ्या ३,३०५ जणांच्या खेळाच्या नोंदी तपासल्या. वय १६ ते ४४. त्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. पटावर काही नवं दिसल्यापासून पहिली कृती होईपर्यंतचा वेळ वयाच्या चोविशीपासून वाढायला लागतो, असं त्यात आढळलं. म्हणजे तुम्हाला मारणारा एकोणीस वर्षांचा पोरगा खरोखरच तुमच्याआधी बघतो आणि दाबतो. पण त्याच अभ्यासात पुढे हेही आहे की वयाने मोठे खेळाडू ही तूट दुसरीकडून भरून काढतात : सोपे डाव निवडतात, शॉर्टकट जास्त हुशारीने वापरतात. शिवाय हातासोबत मनही बदलतं. गेमर कशासाठी खेळतात याची पाहणी करणाऱ्या क्वांटिक फाउंड्रीला असं दिसलं की वयाबरोबर सगळ्यात जास्त ओसरते ती स्पर्धेची ओढ. तुमचं तसंच झालंय, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

सगळ्याच बदलांना मी जुन्या आवडीचं नवं रूप म्हणणार नाही. काही भूक नव्यानेच लागते. मी काउंटरवर टेट्रिस खेळायचे. दुसऱ्या कुठल्या गेममध्ये कुणी बोलायला लागलं की कळ दाबून ते पुढे सरकवायचे. आज मला डिस्को इलिझियम आवडतो, ज्यात वाचायलाच भरपूर आहे. वेंबा नावाचा २०२३ चा एक छोटा गेम आहे. कॅनडात गेलेली तमिळ बाई आईच्या फाटक्या वहीतले पदार्थ जुळवत करते, मुलगा हळूहळू तिच्या भाषेपासून लांब जातो. पंचविशीत मी तो दहा मिनिटं खेळले नसते. आता त्यातली इडली वाफवताना मला माझ्या आईशी बोलल्यासारखं वाटलं. हे टेट्रिसमधून आलेलं नाही, जगण्यातून आलंय.

विचर ३ बद्दल. तो तुम्ही बहुतेक ऑफिसच्या कामासारखा खेळताय. नकाशावर प्रश्नचिन्हं दिसतात, मांडणी करणाऱ्या माणसाला ती सगळी पुसून टाकाविशी वाटतात, आणि गेम तिथेच मरतो. स्केलिगे या त्यातल्या बेटांच्या समुद्रातली चिन्हं तर अजिबात गोळा करू नका, होडी हाकत पेट्या काढण्यापलीकडे तिथे फारसं काही नाही. सेटिंगमध्ये जाऊन नकाशावरच्या खुणा कमी करा आणि गावच्या फलकावरची राक्षसांची कंत्राटं घ्या. आधी माग काढायचा, मग तेल-काढे तयार करायचे, मग सामना. हा भाग तुमच्या स्वभावाचा आहे. नाहीच जमलं तर खुशाल सोडा. गाजलेला आहे म्हणून तो संपवलाच पाहिजे असं कुणाचं देणं लागत नाही.

पुढे काय? शॅडो टॅक्टिक्स हा लपतछपत पुढे सरकायचा गेम घ्या. २०१६ चा आहे, एडो काळातलं, म्हणजे काही शतकांपूर्वीचं जपान, पाच जणांची टोळी, आणि पहारेकऱ्यांच्या नजरेचे हिरवे पट्टे जमिनीवर दिसतात. कॅफेत कमांडोज हा त्याच धाटणीचा जुना गेम खेळला असाल तर लगेच हात बसेल. मग इंटू द ब्रीच : आठ बाय आठचा पट, शत्रू पुढची चाल काय करणार ते आधीच दिसतं, तुम्ही फक्त आपली माणसं कुठे ठेवायची ते ठरवायचं. घाई नाही, पोरगं रडलं तर उठून जाता येतं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलात तर चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. नवा प्रकार चाखून बघायला हा नियम उत्तम आहे आणि आपल्याकडे फार कमी लोक तो वापरतात.

राहिले मित्र. मला वाटतं तुमची खरी खंत हीच आहे, गेमची खंत त्यापेक्षा कमी. शनिवारची रात्र सोडू नका, फक्त गेम बदलायला सांगा. एज ऑफ एम्पायर्स २ ची २०१९ ची डेफिनिटिव्ह आवृत्ती लावा आणि सगळे एका बाजूला, कॉम्प्युटर दुसऱ्या बाजूला असं खेळा. बंदूकवाल्यांना घोडदळ द्या, तुम्ही कुठून हल्ला करायचा ते सांगा. कोपरखैरण्याला जसे बसायचात तसेच बसाल.

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. तीन-चार वर्षं तो माइनक्राफ्टमध्ये किल्ले बांधायचा, आमची नेरूळची सोसायटीसुद्धा त्याने बांधली होती. आता फक्त बीजीएमआय, तो मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम. इतकं छान काही करणारा मुलगा मारामारीकडे वळला याचं वाईट वाटतं. जेवायला हाक मारली की भांडण. बंद करू का?
— एक आई, नेरूळ

उत्तर : ताई, बंद करण्याआधी एक संध्याकाळ त्याच्या शेजारी बसा. तो चौघांच्या स्क्वाडमध्ये खेळतो की एकटा, उतरायची जागा कोण ठरवतं, गाडी कोण चालवतं, पडलेल्याला कोण उठवतं, हे बघा. चौदाव्या वर्षी मुलांना मित्र हवे असतात आणि मित्र आज तिथे आहेत. माइनक्राफ्टवरचं प्रेम गेलेलं नाही, ते एकट्याने करायचं काम वाटू लागलंय एवढंच. ही आवड पुन्हा बदलेल.

भांडणाचं कारण मात्र साधं आहे. या गेमला मध्ये थांबवायची सोय नाही. शंभर जण उतरलेले असतात, सामना अर्धा तास चालू शकतो, आणि तो उठला तर तिघे मित्र अडकतात. म्हणून ‘आत्ता ऊठ’ हे त्याला मान्य होत नाही. जेवायच्या पाऊण तास आधी सांगा, ‘हा सामना शेवटचा.’ मग तो पाळतो का बघा. पाळला नाही तर फोन तुमच्याकडे, त्यात कच खाऊ नका. हा गेम २०२३ मध्ये भारतात परत आला तेव्हा अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा ठेवली होती. मुलाने खातं मोठ्या वयाचं करून ठेवलं असेल तर ती लागत नाही, तेवढं तपासा. तीन तासही शाळेच्या दिवशी मला जास्तच वाटतात, तास-दीड तास पुष्कळ.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त, वय सदुसष्ट. संगणकावर वर्षानुवर्षं पत्त्यांचा सॉलिटेअर खेळतो. आता तो हात आपोआप खेळतो, डोकं लागतच नाही. या वयात नवा प्रकार जमेल का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : काका, जमेल, आणि तुमच्यासाठी मला एकच नाव सुचतंय : मिनी मेट्रो. पांढऱ्या पटावर स्टेशनं उगवतात, गोल, चौकोन, त्रिकोण. तुम्ही माऊसने रेषा ओढून ती जोडायची, गाड्या आणि डबे मोजकेच मिळतात, आणि एखाद्या स्टेशनावर फार गर्दी साचली की खेळ संपतो. त्यात मुंबईचाही नकाशा आहे. गर्दी कुठे तुंबते आणि का, हे तुम्हाला आम्हा सगळ्यांपेक्षा आधी कळेल. घाबरू नका, खेळ थांबवून शांतपणे रेषा बदलता येतात. सुरुवात लंडनच्या नकाशाने करा, मुंबई नंतर घ्या.